वय आणि दुसरी भाषा : या विषयात संशोधन करू पाहणाऱ्या सातारा–सांगलीकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा विषय नेमका काय आहे? इंग्रजी शिकवण्याचं शास्त्र म्हणजे हाच का?

नाही, हा विषय त्याहून मोठा आहे. मातृभाषेनंतर माणूस जी कुठली भाषा शिकतो, ती तो कसा शिकतो, कुठे अडतो, किती पुढे जातो आणि वापर थांबला की काय विसरतो, हे या विषयात मोजलं जातं. शिकणारा चार वर्षांचा असो की सत्तरीचा. जत तालुक्यातल्या कन्नड घरातलं मूल मराठी शिकतं, सासरी आल्यावर एखादी सून तिथली भाषा उचलते, फौजेत भरती झालेला जवान हिंदी बोलू लागतो, हे सगळं याच विषयात मोडतं. शिकवण्याच्या पद्धती हा त्यातला फक्त एक कोपरा आहे.

वय वाढलं की भाषा येत नाही, हे सिद्धच झालंय ना? मग संशोधनाला उरलं काय?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. या विषयात उतरण्याआधी त्याचं उत्तर नीट समजून घ्यावं, कारण विषयातल्या निम्म्या चुका इथेच होतात.

एरिक लेनेबर्ग यांनी १९६७ साली मांडलं की भाषा आत्मसात करायला मेंदूची एक ठरावीक मुदत असते आणि ती पौगंडावस्थेच्या आसपास संपते. १९८९ मध्ये जॅकलिन जॉन्सन आणि एलिसा न्यूपोर्ट यांनी अमेरिकेत स्थायिक झालेल्या ४६ चिनी आणि कोरियन भाषकांची इंग्रजी व्याकरणाची चाचणी घेतली. ७ वर्षांच्या आत आलेल्यांचे गुण जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यांइतके होते. त्यानंतर आलेल्यांचे गुण येण्याच्या वयाबरोबर उतरत गेले. २०१८ मध्ये हार्टशॉर्न, टेनेनबॉम आणि पिंकर यांनी सुमारे ६ लाख ७० हजार लोकांच्या ऑनलाइन चाचणीतून हा उतार १७.४ वर्षांच्या आसपास सुरू होतो असं मांडलं. पुढे इतर संशोधकांनी तीच माहिती पुन्हा तपासली. तेव्हा असं ठळक वळण सगळ्या प्रकारच्या शिकणाऱ्यांत दिसत नाही, असं निघालं.

आता दुसरी बाजू. कॅथरिन स्नो आणि मारियान हूफनागल-हूले यांनी १९७८ मध्ये नेदरलँड्समध्ये डच शिकणाऱ्या इंग्रजी भाषकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुरुवातीच्या काळात १२ ते १५ वर्षांची मुलं सगळ्यांत पुढे होती आणि ३ ते ५ वर्षांची मागे. बार्सिलोनात कार्मेन मुन्योस यांच्या प्रकल्पात ८ व्या आणि ११ व्या वर्षी इंग्रजी सुरू केलेल्या मुलांची तुलना झाली. वर्गातले तास सारखे धरले, तर उशिरा सुरू केलेली मुलं पुढे निघाली.

हे निष्कर्ष एकमेकांना खोडत नाहीत. पहिल्या गटातली बरीच माणसं त्या भाषेच्या देशात वर्षानुवर्षं राहिली होती आणि तिथे शेवटचा टप्पा मोजला गेला. दुसऱ्या गटात शिकण्याचा वेग मोजला गेला. वेगात मोठे पुढे असतात, पण भरपूर सहवास मिळाला तर शेवटी लहान पुढे जातात. ‘भरपूर सहवास’ ही अट विसरून केलेलं कुठलंही विधान आम्ही गांभीर्याने घेत नाही. वयाबरोबर शाळा, गरज, श्रवणशक्ती, सवड आणि भोवतालची माणसं हे सगळंच बदलतं. यातलं काय किती वजनाचं, हे अजून नीट वेगळं काढायचं आहे. काम उरलंय ते इथे.

मग पहिलीपासून इंग्रजी किंवा तिसरी भाषा शिकवावी की नाही?

तासांचा हिशोब करून पाहा. आठवड्याला ३५ मिनिटांच्या ६ तासिका आणि वर्षाचे ३४ आठवडे धरले, तर वर्षाला जेमतेम ११९ तास होतात. दिवसाला १० तास भाषा कानावर पडणारं मूल एवढे तास १२ दिवसांत पुरे करतं. म्हणून परदेशात राहणाऱ्या मुलांवरचे निष्कर्ष आपल्या वर्गखोलीला जसेच्या तसे लावता येत नाहीत. वर्गात लवकर सुरुवात केल्याने आपोआप फायदा होतो, असं झुरिकमध्ये सिमोन फेनिंगर आणि डेव्हिड सिंगलटन यांच्या अभ्यासातही दिसलं नाही.

पहिलीपासून तिसरी भाषा आणण्याचे शासन निर्णय २०२५ च्या एप्रिल आणि जूनमध्ये निघाले आणि २९ जूनला ते मागे घेतले गेले. त्या वादात दोन्ही बाजूंनी ‘संशोधन सांगतं’ असं म्हटलं गेलं, पण तासिका, शिक्षकाचं त्या भाषेवरचं प्रभुत्व आणि मातृभाषेतल्या वाचनाचा पाया या तीन गोष्टींविषयी बोलणारे थोडे होते. सुरुवातीचं वय हा प्रश्न या तिन्हींनंतर येतो, असं आमचं स्पष्ट मत आहे.

बी.ए. नंतर कुठली एम.ए. करावी?

शक्य असेल तर भाषाविज्ञानात. पुण्याचं डेक्कन कॉलेज हे आपल्याकडून सगळ्यांत जवळचं आणि जुन्या परंपरेचं केंद्र. मुंबई विद्यापीठातही भाषाविज्ञान विभाग आहे. हैदराबादच्या इंग्रजी आणि विदेशी भाषा विद्यापीठात भाषाविज्ञान आणि इंग्रजी अध्यापन हे दोन्ही रस्ते मिळतात. बोधनाकडे, म्हणजे माणूस जाणतो आणि शिकतो कसा याकडे, ओढा असेल तर अलाहाबाद विद्यापीठाचं वर्तन आणि बोधन विज्ञान केंद्र, हैदराबाद विद्यापीठाचं चेता आणि बोधन विज्ञान केंद्र आणि गांधीनगरची आयआयटी पाहावी. वाणी-श्रवणाच्या बाजूने यायचं तर म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आहे.

घर सोडणं शक्य नसेल तर शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत इंग्रजी, मराठी, शिक्षणशास्त्र किंवा मानसशास्त्र घ्यावं. ऐच्छिक पेपर निवडताना भाषाविज्ञान किंवा भाषाध्यापन निवडावं आणि प्रकल्पाचा विषय मोजमापाचा ठेवावा.

एम.ए. इंग्रजी साहित्यात झालं आहे. दहावीनंतर गणिताचं तोंड पाहिलेलं नाही. जमेल का?

जमतं, पण एक वर्ष मनापासून द्यावं लागतं. क्रम असा ठेवा. पहिले तीन महिने ध्वनी, रूप आणि वाक्य यांचं प्राथमिक भाषाविज्ञान. पुढचे तीन महिने संख्याशास्त्राची मुळाक्षरं : सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध, दोन गटांतला फरक, परिणामाचा आकार. त्यानंतर ‘आर’ ही फुकट मिळणारी संगणकप्रणाली घ्या आणि दुसऱ्या कुणी खुली ठेवलेली माहिती स्वतः पुन्हा सोडवून पाहा. छापलेले आकडे तुमच्या पडद्यावर तसेच आले की पुढे जा. ‘आयरिस’ या खुल्या संग्रहात दुसऱ्या भाषेच्या संशोधनातल्या प्रश्नावल्या आणि चाचण्या मिळतात. उच्चारांसाठी ‘प्रात’, प्रयोग मांडायला ‘सायकोपाय’, संदर्भ सांभाळायला ‘झोटेरो’. ही सगळी साधनं फुकट आहेत.

माहिती गोळा करून झाल्यावर पैसे देऊन ‘स्टॅटिस्टिक्स करून घेणं’ ही आपल्याकडे रुळलेली वाट आहे. ती टाळा. मौखिक परीक्षेत पहिला प्रश्न त्याच तक्त्यावर येतो.

नेट, सेट, पेट (विद्यापीठाची पीएच.डी. प्रवेश परीक्षा) आणि जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) : काय देणं गरजेचं आहे?

यूजीसी-नेट वर्षातून दोनदा होते. पहिला पेपर ५० प्रश्नांचा, दुसरा १०० प्रश्नांचा, दोन्ही मिळून ३ तास आणि ३०० गुण. २०२४ पासून निकालात तीन गट असतात : जेआरएफसह पात्र, सहायक प्राध्यापक आणि पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र, फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र. जेआरएफ न मिळालेल्यांच्या प्रवेशात नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं. पीएच.डी. प्रवेशापुरते हे गुण एक वर्षच चालतात.

जेआरएफसाठी खुल्या गटाला ३० वर्षांची मर्यादा आहे. महिला आणि आरक्षित प्रवर्गांना ५ वर्षांची सूट मिळते. रक्कम महिन्याला ३७,००० रुपये, दोन वर्षांनंतर ४२,०००. सेट महाराष्ट्र आणि गोव्यापुरती चालते आणि तिला वयाची मर्यादा नाही. जेआरएफ हुकली तर प्रवर्गाप्रमाणे सारथी, बार्टी, महाज्योती आणि टीआरटीआय या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीच्या जाहिरातींवर नजर ठेवा. त्यांच्या मुदती छोट्या असतात, त्यामुळे जात, उत्पन्न आणि नॉन-क्रीमीलेअरचे दाखले आधीच काढून ठेवावेत.

मार्गदर्शक कसा निवडावा?

विषय बघून निवडावा, ओळखीने नाही. २०२२ च्या यूजीसी नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला ३ वर्षांहून कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणून रिकामी जागा आणि निवृत्तीचं साल या दोन गोष्टी नम्रपणे, पण आधीच विचाराव्यात. मग ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर त्यांच्या मार्गदर्शनाखाली झालेले दोन-तीन प्रबंध उघडून पद्धतीचं प्रकरण वाचा. नमुना कसा निवडला, चाचणी कुठून आणली, ती आधी कुणावर तपासली, हे तिथे लिहिलेलं नसेल तर तुमच्याही प्रबंधात ते कुणी मागणार नाही.

पहिली मेल एका पानाची असावी : प्रश्न एक, माणसं कोण, मोजणार काय, किती दिवसांत. ‘मला आपल्या मार्गदर्शनाखाली कुठल्याही विषयावर काम करायचं आहे’ हे वाक्य दारच बंद करतं.

साताऱ्या-सांगलीत बसून या विषयात जगाला उपयोगी पडेल असं काय करता येईल?

खूप काही. या दोन जिल्ह्यांत वय आणि भाषा यांची अशी गुंफण आहे की बाहेरच्या संशोधकाला ती पाहायला इथे यावं लागेल.

खानापूर, आटपाडी, तासगाव भागातले गलाई (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यातले लोक केरळपासून पंजाबपर्यंत पसरले आहेत. कुणी पोरवयात चुलत्याबरोबर गेलं, कुणी लग्नानंतर. तिकडची भाषा बहुतेकांनी दुकानात बसून, पुस्तकाशिवाय शिकली. येण्याचं वय वेगवेगळं, गाव एक, धंदा एक. असा नमुना मिळणं दुर्मीळ असतं. म्हातारपणी विट्याकडे परतलेल्यांत ती भाषा किती टिकते, हा आणखी एक स्वतंत्र प्रबंध आहे.

जतच्या सीमाभागात कन्नड घरांतली मुलं मराठी शिकतात आणि दोन्ही बाजूंनी सोयरिकी होतात, त्यामुळे शिकण्याची सुरुवात सहाव्या वर्षापासून पंचविशीपर्यंत कुठेही सापडते. इथे मराठीचं लिंग हा उत्तम विषय आहे. कन्नडमध्ये लिंग अर्थावरून ठरतं आणि विशेषण नामाप्रमाणे बदलत नाही. मराठीत मात्र हात पुल्लिंगी, भिंत स्त्रीलिंगी आणि घर नपुंसकलिंगी, आणि अशा शब्दांच्या रूपावरून काहीच कळत नाही.

चाचणी बांधायची झाली तर ३६ नामं घ्या : तीन लिंगं, प्रत्येकी ६ शेवटावरून लिंग ओळखू येणारी (घोडा, टोपी, केळं यांसारखी) आणि ६ न येणारी. चित्र दाखवून ‘पिवळा’, ‘हिरवा’, ‘मोठा’ अशी बदलणारी विशेषणं वदवून घ्या. ‘लाल’ किंवा ‘गुलाबी’ वापरलं तर काहीच मोजलं जाणार नाही, कारण ती विशेषणं बदलतच नाहीत. ही चूक वरवर पाहून लक्षात येत नाही आणि अख्खी चाचणी वाया जाते. शिवाय काही शब्दांचं लिंग गावागणिक बदलतं. म्हणून त्याच गावातल्या १० मराठी भाषकांकडून आधी यादी तपासून घ्या आणि एकमत नसलेला शब्द काढून टाका.

तिसरा मोठा विषय इंग्रजीचा. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून सुरू झालं, त्याआधी ते पाचवीपासून होतं. त्यामुळे एकाच गावात, एकाच शाळेत शिकलेल्या पण वेगळ्या वयात इंग्रजी सुरू केलेल्या पिढ्या आहेत. फक्त एक सावधगिरी : नंतरच्या पिढीच्या हातात मोबाइलही आला. शाळेबाहेरचा इंग्रजीचा संपर्क वेगळा नोंदवल्याशिवाय ही तुलना करूच नका.

हिंदी भाषक कामगारांची मुलं मराठी शाळेत आली की ‘ळ’, नपुंसकलिंग आणि ‘चमचा’-‘चहा’मधले दोन वेगळे ‘च’ या तीन ठिकाणी अडखळतात, कारण प्रमाण हिंदीत तिन्ही नाहीत. छोट्या एम.ए. प्रकल्पाला हा विषय पुरेसा आहे. ऊसतोड टोळ्यांबरोबर येणाऱ्या मुलांवर काम करायचं असेल तर हंगाम लक्षात ठेवा. टोळी साखर कारखान्याचं गाळप संपलं की जाते, म्हणून दुसरी फेरी मार्चअखेरीवर ढकलू नये.

‘येण्याचं वय’ आणि ‘आताचं वय’ यांत गोंधळ होतो. नीट सांगाल का?

या संशोधनातला सगळ्यांत अवघड खड्डा हाच आहे. तीन आकडे असतात : भाषेच्या प्रदेशात गेला तेव्हाचं वय, तिथे राहिलेली वर्षं आणि चाचणीच्या दिवशीचं वय. पहिल्या दोघांची बेरीज म्हणजे तिसरा. १६ व्या वर्षी कोईमतूरला गेलेला आणि ३० वर्षं राहिलेला माणूस आज ४६ चाच असणार. त्यामुळे तिघांचा परिणाम एकाच गणितात वेगळा काढता येत नाही. आर किंवा दुसरी कुठलीही प्रणाली एक आकडा गाळून टाकते किंवा अर्थहीन उत्तर देते.

त्यावर चालणारे उपाय दोन. एक, मुक्काम किमान १० वर्षांचा असलेलेच लोक घ्यायचे. एवढ्या वर्षांनंतर मुक्कामाचा परिणाम बराच सपाट होतो, असं गृहीत धरता येतं, पण ते प्रबंधात स्पष्ट लिहावं लागतं. दोन, चाचणीच्या दिवशीचं वय एका पट्ट्यात ठेवायचं, समजा ४० ते ५५. आम्ही दुसऱ्याला जास्त पसंती देतो, कारण म्हातारपणाचा मंदावलेला वेग उशिरा शिकल्याच्या खात्यावर जमा होत नाही. याखेरीज शिक्षण किती झालं, दिवसाचे किती तास ती भाषा बोलतो आणि घरात कुठली भाषा चालते, हे प्रत्येकाकडून विचारायचंच. मुक्कामाची वर्षं मोजताना गावाकडे काढलेले महिने वजा करा, कारण अनेकांचं अर्धं कुटुंब गावीच असतं.

तुम्हाला तमिळ येत नसताना तमिळची परीक्षा घ्यायची झाली, तर त्या भाषेचे किमान दोन जन्मभाषक परीक्षक लागतात. कोण बोलतंय हे त्यांना कळता कामा नये. त्यांना ऐकवायच्या नमुन्यात काही जन्मभाषकांची ध्वनिमुद्रणंही मिसळा.

किती माणसं लागतात?

‘प्रत्येक गटात ३०’ हा आकडा सर्रास सांगितला जातो. त्याला आधार नाही. दोन गटांत मध्यम फरक, म्हणजे अर्धं प्रमाण विचलन, ८० टक्के खात्रीने पकडायचा तर प्रत्येक गटात ६४ जण लागतात. ०.३ चा सहसंबंध पकडायला सुमारे ८५. फरक मोठा अपेक्षित असेल तर कमी चालतात, पण ती अपेक्षा आधीच्या संशोधनातून दाखवावी लागते. दोनदा चाचणी घ्यायची असेल तर मधे गळणाऱ्यांचा विचार करून जास्त लोकांपासून सुरुवात करा. दुसऱ्या फेरीला तेच प्रश्न वापरले तर निव्वळ सरावाने गुण वाढतात. म्हणून समान काठिण्याचे दोन संच बनवून अर्ध्यांना आधी एक, उरलेल्यांना आधी दुसरा द्या.

निरक्षर किंवा कमी शिकलेल्या ज्येष्ठांची चाचणी कशी घ्यायची?

कागदी चाचणी ठेवून तर नाहीच. ‘हे वाक्य बरोबर आहे का?’ असा प्रश्नही टाळा. ‘माझी घर मोठी आहे’ हे बरोबर का, असं विचारलं तर ‘कुठलं मोठं, दोनच तर खोल्या आहेत’ असं उत्तर येतं. शाळा न पाहिलेला माणूस वाक्याकडे अर्थ म्हणून पाहतो, व्याकरणाचा नमुना म्हणून नाही. त्याऐवजी चित्रवर्णन करायला लावा किंवा वाक्य ऐकवून तसंच म्हणायला सांगा. वाक्य पोपटपंचीने न जमण्याइतकं लांब हवं, पण स्मरणशक्तीची परीक्षा होईल इतकं नको. ८ ते १२ शब्दांतून सुरुवात करून पाहावी.

आधी श्रवण तपासा. ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झवर साधी चाचणी जवळच्या श्रवण केंद्रात होते. उतारवयात आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात, म्हणून ‘स’ आणि ‘श’ यांतला फरक न कळणं हा भाषेचा दोष ठरवू नका. बोधनक्षमतेच्या चाळणीसाठी कमी शिकलेल्यांना योग्य असं साधन निवडा. हिंदीत १९९५ मध्ये अशीच एक मानसिक अवस्था चाचणी निरक्षर ज्येष्ठांसाठी तयार झाली होती. मराठीत वापरायची असेल तर निव्वळ भाषांतर पुरत नाही, इथल्या ज्येष्ठांवर ती तपासून घ्यावी लागते.

वेगाचं मोजमाप करत असाल तर त्याच माणसाचा मराठीतला वेगही मोजा आणि फरक पाहा. सत्तरीचा माणूस सगळ्याच कामांत पंचविशीच्या माणसापेक्षा सावकाश असतो. चाचणी सकाळी घ्या, एका बैठकीत ४० मिनिटांवर जाऊ नका, मधे १० मिनिटं थांबा. ७-८ वर्षांच्या मुलांसाठी २० मिनिटं ही वरची हद्द. चष्मा सोबत आणायला आदल्या दिवशी फोनवर सांगा.

शाळेत किंवा गावात काम करायला कुणाची परवानगी लागते?

आधी विद्यापीठाच्या नैतिकता समितीची. मग जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी शिक्षणाधिकारी (प्राथमिक), गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक अशी उतरंड. अर्जासोबत विद्यापीठाचं पत्र, चाचणीचा नमुना आणि एका मुलाला लागणारी मिनिटं लिहून द्या. रयत शिक्षण संस्थेसारख्या मोठ्या संस्थेच्या शाळेत जायचं तर संस्थेच्या कार्यालयाकडूनही परवानगी मागावी.

मुलांसाठी पालकांची लेखी संमती लागते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ७ ते ११ वर्षांच्या मुलांची तोंडी आणि १२ ते १८ वर्षांच्या मुलांची लेखी संमतीही घ्यायची असते. पालकाला वाचता येत नसेल तर मजकूर वाचून दाखवा, अंगठा घ्या आणि तुमच्या गटाबाहेरच्या साक्षीदाराची सही घ्या. सरपंचांनी ‘हो’ म्हटलं की गाव तयार, असं होत नाही. प्रत्येकाला नाही म्हणायची मोकळीक हवी.

वेळ : जुलै ते सप्टेंबर, किंवा दिवाळीनंतर डिसेंबरपर्यंत. पाटण, जावळी, महाबळेश्वर भागात पावसाळ्यात जाणं टाळा. लोणंद-फलटण भागात पालखीच्या दिवसांत शाळांचं वेळापत्रक बदलतं. जानेवारीत स्नेहसंमेलनं आणि मार्चपासून परीक्षा.

आवाज मोबाइलवर मुद्रित केला तर चालतो का?

चालतो, अट एवढीच की असंपीडित वेव्ह स्वरूपात, ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटवर. व्हॉट्सॲपवर मागवलेला आवाज दाबलेला असतो, त्यावर उच्चारांचं सूक्ष्म मोजमाप करू नये. माइक तोंडापासून १५-२० सेंटिमीटरवर, थोडा बाजूला. पंखा बंद. पत्र्याच्या खोलीत पावसात मुद्रण करू नका. रोज संध्याकाळी दोन ठिकाणी प्रत ठेवा आणि फाइलच्या नावात माणसाचं नाव न घालता क्रमांक घाला.

दोन भाषा येत असल्या की स्मृतिभ्रंश होत नाही, हे खरं का?

‘होत नाही’ हे खोटं. २०१३ मध्ये सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी हैदराबादमधल्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. द्विभाषकांत लक्षणं सरासरी ४.५ वर्षं उशिरा दिसली होती, आणि निरक्षरांतही हा फरक आढळला. पण हे रुग्णालयात आलेल्यांचं निरीक्षण आहे. सगळ्या अभ्यासांत असा परिणाम दिसलेला नाही. साठीनंतर नवी भाषा शिकल्याने तेवढाच लाभ होतो, असंही यातून निघत नाही. ज्येष्ठ नागरिक संघात व्याख्यान द्यायला गेलात तर हे असंच सांगा, अधिक आशा लावू नका.

पीएच.डी. ला किती वर्षं लागतात आणि काम कुठे रखडतं?

किमान ३, जास्तीत जास्त ६ वर्षं. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी २ वर्षांची सवलत आहे. कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचं. काम रखडतं ते लिहिताना नाही, चाचणी तपासताना. पहिल्या वर्षातच १५-२० जणांवर पूर्वचाचणी करा. सगळ्यांना जमलेले आणि कुणालाच न जमलेले प्रश्न काढा, मगच मोठी फेरी घ्या. पूर्वचाचणी न करता थेट मैदानात उतरलेल्या प्रबंधांत शेवटी ‘गटांत फरक आढळला नाही’ असं येतं. फरक खरंच नव्हता की चाचणीच बोथट होती, हे मग कुणालाच सांगता येत नाही.

शोधनिबंध कुठे पाठवावा?

दोन दिवसांत छापून देतो म्हणणाऱ्याकडे कधीच नाही. यूजीसीची केअर यादी (मान्य नियतकालिकांची यादी) २०२५ मध्ये बंद झाल्यापासून नियतकालिक पारखण्याची जबाबदारी तुमच्यावर आणि विद्यापीठावर आली आहे. ‘लँग्वेज लर्निंग’, ‘स्टडीज इन सेकंड लँग्वेज ॲक्विझिशन’, ‘बायलिंग्वॅलिझम : लँग्वेज अँड कॉग्निशन’ ही या विषयाची मुख्य व्यासपीठं. तिथे नकार आला तरी परीक्षकांची टिपणं मिळू शकतात आणि ती मोलाची असतात.

नोकरीचं खरं चित्र काय?

कायम सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं, पण अशा जागा कमी निघतात आणि अनेक जण वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर काम करतात. घरची परिस्थिती तंग असेल तर अधिछात्रवृत्ती हाती आल्याशिवाय पूर्णवेळ पीएच.डी. ला बसू नका, असं आम्ही कळकळीने सांगतो. भाषाविज्ञान आणि संख्याशास्त्र दोन्ही येणाऱ्याला वाक्-तंत्रज्ञान, चाचणी-निर्मिती, पाठ्यपुस्तकं आणि शिक्षक-प्रशिक्षण इथेही काम मिळतं. म्हणून ‘आर’ शिकण्याचा आग्रह.

परदेशात जायचं असेल तर?

युरोपातल्या अनेक देशांत पीएच.डी. ही पगारी जागा असते आणि तिची जाहिरात निघते. स्टॉकहोम, ट्रॉम्सो, बार्सिलोना, लँकेस्टर, रेडिंग इथे या विषयाचे चांगले गट आहेत. अर्जात गुणपत्रिकेइतकंच वजन तुम्ही स्वतः गोळा केलेल्या माहितीच्या एखाद्या छोट्या, नीट केलेल्या अभ्यासाला असतं. जतच्या ४० मुलांवरचा स्वच्छ अभ्यास तिथे उठून दिसतो.

वय ४५ आहे, हायस्कूलमध्ये शिक्षक आहे. आता सुरुवात केली तर चालेल का?

चालेल. संस्थेचं ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन अर्धवेळ पीएच.डी. करता येते. शाळेत रोज जाणाऱ्याला एक गोष्ट सहज मिळते जी पूर्णवेळ विद्यार्थ्याला मिळत नाही : त्याच मुलांना तीन-चार वर्षं सलग पाहण्याची संधी. मात्र स्वतःच्या वर्गातल्या मुलांवर चाचणी घेताना ती गुणांशी जोडू नका, ती दुसऱ्या शिक्षकाकडून घ्या, आणि उत्तरपत्रिका तपासताना नावं झाकून ठेवा. या जूनमध्ये पाचवीत येणाऱ्या मुलांपासून सुरुवात करायची असेल तर परवानगीचा अर्ज फेब्रुवारीतच द्यावा लागेल.